विश्लेषण : साठीनंतर ‘शुगर निघाली’, आता पुढे काय?

शिबिरात बोट टोचले जाते, यंत्रावर आकडा उमटतो आणि त्याच संध्याकाळपासून घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या चहातली साखर बंद होते. पण तो आकडा नेमका काय सांगतो? दुसरी तपासणी कोणती करायची? साठी-सत्तरीच्या माणसाची साखर किती खाली आणायची? बीडजवळच्या पालीसारख्या गावांमध्ये या प्रश्नांची उत्तरे शहरापेक्षा थोडी वेगळी का आहेत?

मुद्दा काय आहे?

पाली हे बीड शहराच्या दक्षिणेला, महामार्गालगतचे गाव. बीडला पाणी देणारा बिंदुसरा प्रकल्प इथलाच. शहर जवळ, रस्ता चांगला, त्यामुळे तपासणी शिबिरेही होतात आणि रक्त तपासून घेणे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते तपासणीनंतरचे. समजा, सदुसष्ट वर्षांच्या एका आजींची साखर दुपारच्या जेवणानंतर तासाभराने १६८ आली. तपासणाऱ्याने ‘शुगर आहे, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगितले. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरी दोन नातवंडे आणि आजी. शेजारणीने तिच्या नवऱ्याची गोळी सुचवली, दुसऱ्या कोणी कारल्याचा रस सांगितला, तिसऱ्याने ‘भात सोडा, भाकरी कितीही खा’ असा सल्ला दिला. आठ दिवसांनी आजींना चक्कर येऊ लागली. ती साखरेने आली, न जेवल्याने आली की उसन्या गोळीने, हे सांगणारे घरात कोणी नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी असे प्रसंग गावोगावी घडतात. उतारवयातील मधुमेहात दोन चुका होतात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. एक म्हणजे दुर्लक्ष : ‘वय झाले, थोडी साखर असायचीच.’ दुसरी म्हणजे अतिउपचार : तरुणाला लावायचे ते सगळे निर्बंध आणि गोळ्या सत्तरीच्या माणसाला लावणे. पहिल्या चुकीची चर्चा भरपूर होते, दुसरीची फारच कमी. म्हाताऱ्या माणसाला मात्र दोन्हींपासून सारखाच धोका आहे.

एका टोचणीवर निदान होते का?

नाही. बोट टोचून ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातच साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. म्हणजे प्रयोगशाळेत १३० असलेली साखर यंत्रावर ११० किंवा १४९ दिसली तरी यंत्र बिघडलेले नसते. त्यात बोटाला गुळाचा, फळाचा अंश असेल, पट्टी जुनी किंवा उन्हात ठेवलेली असेल, तर आकडा आणखी भरकटतो.

सरकारी कार्यक्रमात जेवणाची वेळ न पाहता केलेल्या अशा तपासणीत १४० किंवा त्याहून जास्त साखर आली, तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवायचे असते. या आकड्याचा अर्थ ‘पुढची तपासणी करा’ एवढाच. गावात तो ‘शुगर झाली’ असा घेतला जातो. वरच्या उदाहरणातील आजींचा १६८ हा आकडा पुढच्या तपासणीला पुरेसा आहे, गोळी सुरू करायला मात्र पुरेसा नाही.

निदानाचे निकष कोणते?

शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीवर निदान ठरते. किमान आठ तास उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काही आढळले तर तो मधुमेह. स्पष्ट लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारायचा नाही. तीच तपासणी पुन्हा करून किंवा दुसऱ्या चाचणीने खात्री करायची. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे असतील आणि कोणत्याही वेळची साखर २०० किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र थांबायचे कारण नाही.

एचबीए१सी सोयीची आहे, कारण तिला उपाशी राहावे लागत नाही. पण तिचीही एक खोच आहे. ही चाचणी रक्तातील हिमोग्लोबिनवर चढलेली साखर मोजते. त्यामुळे हिमोग्लोबिनच बिघडलेले असेल तर उत्तर चुकते. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर खोटा कमी दिसू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्यांचे तरुणपण असे गेले, त्यांचे म्हातारपण एकदम वेगळे कसे असेल? म्हणून ग्रामीण भागातील वृद्ध स्त्रीच्या बाबतीत एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर पाहणे शहाणपणाचे.

उतारवयातील मधुमेह वेगळा का?

एक तर तो गुपचूप येतो. वयानुसार तहान कमी लागते, त्यामुळे ‘सारखे पाणी पिणे’ हे ओळखीचे लक्षण दिसतच नाही. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे वयाच्या किंवा प्रोस्टेटच्या खात्यावर जाते, थकवा कष्टाच्या आणि अंधुक दिसणे मोतीबिंदूच्या. पायाची जखम महिनाभर भरली नाही, लघवीच्या जागी वारंवार खाज किंवा जंतुसंसर्ग होऊ लागला, की मग साखर तपासली जाते.

दुसरे, मराठी माणसाचा मधुमेह लठ्ठपणाच्या पाठ्यपुस्तकी चित्रात बसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभराच्या संशोधनातून दाखवले. वजनाच्या तक्त्यात सडपातळ ठरणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात तर नवजात बाळांमध्येही हे दिसले. आईच्या पोटात आणि लहानपणी झालेली उपासमार पुढच्या आयुष्यातील मधुमेहाशी जोडलेली असते, हे जगभरच्या दुष्काळांच्या अभ्यासांतून समोर आले आहे. आज पन्नाशी ओलांडलेली मराठवाड्यातील पिढी १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मली, त्याआधीची पिढी त्या दुष्काळात खडी फोडत होती. ‘आमच्यात कोणी जाड नाही, आम्हाला शुगर कशी?’ या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे.

तिसरे, उतारवयात अचानक वाढलेल्या साखरेमागे दुसरेच कारण असू शकते. गुडघेदुखी किंवा दम्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची औषधे हे त्यांपैकी नेहमीचे. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. न्यूमोनियासारख्या आजारातही साखर तात्पुरती वाढते आणि नंतर उतरते. क्वचित, साठीनंतर नव्याने मधुमेह आणि सोबत विनाकारण झपाट्याने वजन घटणे हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते. अशा वेळी साखरेच्या गोळीवर समाधान मानू नये.

सीमारेषेवरची साखर म्हणजे मधुमेहच का?

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह आणि सुमारे १३ कोटी ६० लाखांना ही पूर्वावस्था असल्याचा अंदाज मांडला गेला. म्हणजे सीमेवर उभे असलेले लोक सीमा ओलांडलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

पण सीमेवरचा प्रत्येक जण पलीकडे जातोच असे नाही आणि वय वाढते तसे हे अधिकच खरे ठरते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सरासरी पंच्याहत्तरीच्या लोकांचा सुमारे साडेसहा वर्षे पाठपुरावा केला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर असलेल्यांपैकी ८ टक्क्यांना पुढे मधुमेह झाला, तर ४४ टक्क्यांची साखर पुन्हा सामान्य पातळीवर आली. अमेरिकेतील वृद्ध आणि बीडमधील वृद्ध सारखे नाहीत, भारतीयांमध्ये पूर्वावस्थेतून मधुमेहाकडे जाण्याचा वेग जास्त असतो, हे खरे. तरीही सत्तरीच्या माणसाला १०८ या आकड्यावर ‘शुगर पेशंट’ ठरवून आयुष्यभराची भीती देण्याला शास्त्राचा आधार नाही. त्याला सांगायचे ते एवढेच : खाणे जरा सांभाळा, चालते राहा, वर्षाने पुन्हा तपासा.

राहणीमानातील बदल उतारवयात उपयोगी पडत नाहीत, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका एकूण ५८ टक्क्यांनी घटला, साठीच्या पुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. त्याच वयोगटात मेटफॉर्मिन या गोळीचा फायदा फारसा दिसला नाही. म्हाताऱ्या माणसाला ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

साखर किती खाली आणायची?

हा कळीचा प्रश्न आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही. ‘जितकी कमी तितकी चांगली’ ही समजूत २००८ मध्येच मोडली. ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाच्या चाचणीत सरासरी ६२ वर्षे वयाच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांची एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि कडक नियंत्रणाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला.

त्यानंतर वृद्धांसाठी लक्ष्ये सैल करण्यात आली. साठी-सत्तरीतला माणूस धडधाकट असेल, स्वतःचे स्वतः करत असेल, तर एचबीए१सी ७ ते ७.५ टक्क्यांखाली आणि उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य योग्य मानले जाते. तीन-चार आजार असतील, विसराळूपणा असेल, तर ८ टक्क्यांखाली आणि उपाशीपोटी ९० ते १५० पुरते. अंथरुणाला खिळलेल्या, अतिशय थकलेल्या माणसाच्या बाबतीत एचबीए१सीच्या मागे न लागता साखर फार खाली जाऊ नये आणि फार वर जाऊन त्रास होऊ नये, एवढेच पाहायचे.

यामागचे कारण सोपे आहे. वाढलेल्या साखरेचे डोळे, मूत्रपिंड, नसा यांवरचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे साचत जातात. साखर ७० च्या खाली गेली तर मात्र माणूस त्याच दिवशी पडू शकतो. पडला की खुबा मोडतो आणि मोडलेला खुबा अनेक म्हाताऱ्यांना पुन्हा उठू देत नाही. पंचाऐंशीच्या माणसासाठी वीस वर्षांनंतरच्या धोक्यापेक्षा आज रात्री मोरीपर्यंत नीट चालत जाणे महत्त्वाचे असते.

भाकरी, गूळ, सीताफळ : खायचे काय?

भाकरी चांगली, पण ती ‘मोफत’ नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. एका मध्यम भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरले तर त्यात ४५ ग्रॅमच्या पुढे कर्बोदके झाली. भाकरीतील तंतूमुळे साखर काहीशी सावकाश चढते, पण तीन भाकऱ्या खाल्ल्यावर ती चढतेच. म्हणून तीनाची दीड करावी, भाताचे प्रमाण कमी ठेवावे आणि पोट मेथी, शेपू, पालक, दोडका, गवार अशा भाज्या, घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठले, ताक यांनी भरावे. जे खातात त्यांनी अंडे, मासे जरूर खावेत. जेवताना आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची उसळी काहीशी कमी होते.

गूळ म्हणजे औषध नव्हे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने गुळाचा आणि साखरेचा चहा यांत म्हणण्यासारखा फरक नाही. खरा हिशेब चहाच्या कपांचा आहे. कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम, दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते. पाहुणचाराचा चहा नाकारता येत नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ‘मला अर्धा चमचा’ म्हणण्यात अपमान नाही, हेही आता यजमानांनी समजून घ्यायला हवे.

राहिले सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि हंगामात बालाघाटच्या डोंगरातून पाट्या उतरू लागल्या की घरातल्या मधुमेह्याकडे सगळे दयेने पाहतात. या फळाच्या १०० ग्रॅम गरात २० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, त्यामुळे एका बैठकीत चार फळे नकोत. लहान फळ किंवा मोठ्याचे अर्धे, जेवणाला जोडून नव्हे तर मधल्या वेळी, आणि त्या दिवशी दुसरे गोड नाही, असा हिशेब बहुतेकांना झेपतो. ज्या आजीने आयुष्यभर डोंगरातून सीताफळे वेचली, तिच्याकडून ते फळ कायमचे हिरावून घेण्याचे वैद्यकीय कारण नाही.

एक इशारा मात्र महत्त्वाचा. आधीच किडकिडीत असलेल्या वृद्धाने ‘शुगर आहे’ म्हणून खाणे निम्मे करू नये. साखर कमी होईल, पण सोबत स्नायूही झडतील. साखर साठवून वापरणारा सगळ्यात मोठा अवयव स्नायूच आहे. वजन कमी करण्याचा सल्ला पोट सुटलेल्यांसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

उपवास आणि ‘दोनदा जेवण’ चालेल का?

एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र : उतारवयात उपवास वाढतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर दिवस काढला तर साखर आधी उसळते आणि गोळी चालू असेल तर नंतर कोसळूही शकते. त्यापेक्षा थोडी भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी हे बरे. रमजानचे रोजे धरणाऱ्या ज्येष्ठांनी महिनाभर आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. सूर्योदयाआधीची सहरी चुकवू नये आणि साखर ७० खाली किंवा ३०० वर गेली तर रोजा सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

दिवसातून दोनदाच जेवण्याची जीवनशैली महाराष्ट्रात घराघरात पोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा प्रसार केला. स्थूल, मध्यमवयीन माणसांपैकी अनेकांना तिने वजन कमी करायला मदत झाली असेल. पण इन्सुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या, सत्तरीच्या कृश माणसाने शेजाऱ्याचे पाहून ती सुरू करणे धोक्याचे आहे. गोळी तीच ठेवून जेवण गाळले की साखर घसरणारच.

चालणे पुरेसे आहे का?

चालणे हवेच, पण ते पुरेसे नाही. आठवड्याला १५० मिनिटे हा सर्वसाधारण दंडक आहे. तो न झेपणाऱ्याने प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतरची साखर उतरायला मदत होते. ‘आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला’ हे तरुणपणी खरे होते. साठीनंतर बहुतेकांचे काम राखणीचे, बसून निवडण्या-टिपण्याचे होते. म्हणून स्नायूंसाठी वेगळे काही करावे लागते. खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याची लहान कळशी सावकाश उचलून ठेवणे, हे आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी फरक पडतो.

पायांची काळजी ही मधुमेहातील सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. नसांची जाणीव गेली की बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही, उन्हाने तापलेल्या फरशीचा चटका लागत नाही. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला दाखवाव्यात. अनवाणी फिरू नये आणि भोवरी ब्लेडने कापू नये.

औषध सुरू झाले तर?

मेटफॉर्मिन ही बहुतेक वेळा पहिली गोळी. ती जुनी आणि स्वस्त आहे आणि एकटी घेतली तर साखर सहसा फार खाली नेत नाही. मात्र मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर ती चालत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि नंतर वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन तपासावे. वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील बी-१२ कमी होऊ शकते. पायाची जळजळ वाढली तर ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून न देता तेही पाहावे.

ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी वृद्धांसाठी टाळावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण तिने खाली गेलेली साखर तासन्‌तास वर येत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या त्याच घराण्यातील गोळ्याही जपून वापराव्या लागतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या हृदय आणि मूत्रपिंडाला उपकारक आहेत. पण मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, उलट्या-जुलाबांत किंवा उपवासात त्यांनी अंगातील पाणी कमी होऊ शकते. त्या काळात काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे.

साखर घसरल्याची खूण घरातल्या लहान मुलालाही माहीत हवी : घाम, थरथर, धडधड, आणि म्हाताऱ्या माणसात कित्येकदा फक्त बरळणे किंवा गुंगी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि उसनी गोळी कधीही घेऊ नये. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याच्या मूत्रपिंडाला मानवेल अशी ठरलेली असते.

ऊसतोडीच्या सहा महिन्यांत काय?

इथे बीडचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा होतो. दिवाळीच्या सुमाराला उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. ज्या साखरेसाठी लेक-सून उसाच्या फडात राबतात, तीच साखर घरी आई-वडिलांच्या रक्तात वाढते आणि ती पाहायला घरात मोठे माणूस नसते. काही ज्येष्ठ तर स्वतःच टोळीबरोबर जातात. फडावर औषधाची वेळ, जेवणाची वेळ, तपासणीची जागा, काहीच ठरलेले नसते.

यावर फार मोठी योजना लागत नाही. टोळ्या निघण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, तपासणी आणि निदानाची खात्री पूर्ण करणे, स्थिर रुग्णांना एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या देणे, आकडे आणि औषधे लिहिलेले एक कार्ड हातात ठेवणे, आणि एकट्या राहणाऱ्या मधुमेही वृद्धांची यादी आशाताईकडे असणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल.

घाईच्या उपचाराची किंमत या जिल्ह्याने आधीच मोजली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कर्करोगाची भीती आणि बुडणारी मजुरी यांच्या दडपणात अनेकींनी शस्त्रक्रियेला होकार दिला होता. मधुमेहाचा विषय तेवढा भीषण नाही, पण धडा तोच आहे : भीती आधी आणि दुसरे मत नंतर, या क्रमाने गरिबाचे नुकसान होते.

सरकारी व्यवस्थेत काय मिळते, काय कमी पडते?

असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. तिशीवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी व्हावी, आशाताईंनी घरोघरी माहितीचा फॉर्म भरावा, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळाव्यात, अशी त्याची रचना आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सत्तरीवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड आले, पण त्याचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. रोजची गोळी, साखर मोजण्याच्या पट्ट्या, डोळ्यांची तपासणी यांचा खर्च त्यात बसत नाही. आणि मधुमेह हा मुख्यतः घरी सांभाळायचा आजार आहे.

कार्यक्रमाचे यश किती लोकांचे बोट टोचले यावर मोजले जाते, ही त्यातील मूळ खोट आहे. मोजायला हवे ते वेगळेच : ज्यांची साखर जास्त आली त्यांपैकी किती जणांची दुसरी तपासणी झाली, किती जणांना मधुमेह नाही असे स्पष्ट सांगितले गेले, ज्यांना आहे त्यांपैकी किती जण वर्षभरानंतरही उपचारात आहेत, आणि किती जणांचे डोळे, पाय, लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासली गेली. शिबिराच्या छायाचित्रात हे आकडे दिसत नाहीत, म्हणून ते कोणी मागत नाही.

मग घरात आज काय करायचे?

बोटावरच्या तपासणीत साखर जास्त आली असेल तर पंधरा दिवसांत प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन तपासावे. साखर ३०० च्या वर असेल, उलट्या, ताप, गुंगी किंवा पायाला जखम असेल तर पंधरा दिवस थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : मला नक्की मधुमेह आहे का? माझ्या वयात माझी साखर किती असावी? आणि या गोळीने साखर खाली जाऊ शकते का? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आणली तर पुढचा निम्मा गोंधळ टळेल.

आणि घरच्यांसाठी एक. म्हाताऱ्या माणसाला वेगळे, बेचव ताट वाढून मधुमेह सांभाळला जात नाही. भाकरी लहान, भाजी जास्त, चहात साखर कमी, हे सगळ्यांच्याच ताटात आले तर आजीला शिक्षा झाल्यासारखे वाटणार नाही आणि उद्या साठी ओलांडणाऱ्या तिच्या मुलाचेही भले होईल.